बोट म्हणजे घराचं छप्पर नव्हे : आमच्या मच्छीमार संस्थेच्या संचालक मंडळास खुलं पत्र

मा. चेअरमन, संचालक मंडळ आणि सर्व नाखवा मंडळी,

स. न. वि. वि.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय वाचला : सभासदांच्या बोटींवर सौर पॅनल बसविणे. सोबतचं कोटेशनही वाचलं. प्रत्येक बोटीला ५४० वॉटचं एक पॅनल, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी, एक चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला मापात देणारा डबा), आणि शेवटी 'वायरिंग व फिटिंगसह'. खाडीतली दोन माणसांची होडी असो की बाहेर जाणारी सहा खलाशांची बोट असो, सगळ्यांना एकच माप. शाळेचा गणवेशसुद्धा मुलाचं माप घेऊन शिवतात.

मी या विषयाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर सभेत कोणीतरी उठून 'ह्याला चांगलं बघवत नाही' म्हणणारच. मी धंद्याने वायरमन. आयटीआय केल्यापासून नेरूळ-बेलापूरच्या सोसायट्यांमध्ये वायर ओढतोय. वडिलांची बोट आता चुलतभाऊ चालवतो आणि तिच्यावर गेले तीन हंगाम पॅनल आहे. त्यामुळे या विषयात मला दोन्ही बाजूंनी चटके बसलेत. कोटेशनला हात वर करण्याआधी ते ऐकून घ्या, एवढंच मागणं आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. पहिल्या वर्षी मी पॅनल बसवलं ते घरात बसवावं तसं. साधी घरगुती तांब्याची वायर, केबिनच्या प्लायवूडला ड्रिलने भोक पाडून आत घेतलेली. भोकाला रबराची रिंग नाही. बॅटरीजवळ फ्यूज नाही, कारण कंट्रोलरच्या आत असतो असं दुकानदार म्हणाला होता आणि मीही मान डोलावली. जानेवारीतल्या एका पहाटे बोट बंदराच्या तोंडाशी होती, पलीकडे जेएनपीटीच्या क्रेनचे दिवे दिसत होते. चुलतभावाला आधी वास आला. त्याला वाटलं इंजिनचा पट्टा जळतोय. खाली वाकून इंजिन पाहिलं, काही नाही. मग केबिनच्या मागे टॉर्च मारला तर वायरचं प्लॅस्टिक मेणासारखं गळत होतं आणि आतली तार लाल झाली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर नायलॉनच्या जाळ्याचा ढीग. त्याने कोयत्याने वायर तोडली. तोडताना ठिणगी उडाली त्याचा डाग अजून त्या कोयत्यावर आहे.

झालं काय होतं? इंजिन चालू असलं की बोट अख्खी थरथरते. तीन महिने ती वायर प्लायवूडच्या कडेवर घासत राहिली, वरचं आवरण गेलं आणि दोन तारा चिकटल्या. घराच्या भिंतीत अशी वायर वीस वर्षं काही होत नाही, कारण भिंत थरथरत नाही. बॅटरीत साठलेली वीज शॉर्ट सर्किटमध्ये शेकडो अँपिअरने धावते. पॅनलकडून येणारा प्रवाह त्यापुढे काहीच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. कंट्रोलरमधला फ्यूज कंट्रोलरला वाचवतो, बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वायरला नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूवरून बोट जाणार होती, आणि ती वस्तू मी, परवानाधारक वायरमनने, लावली नव्हती.

मंडळाने मागवलेल्या कोटेशनमध्ये फ्यूज हा शब्द कुठेच नाही. मी दोनदा वाचलं.

आता त्या ५४० वॉटच्या पॅनलकडे येऊ. हे पॅनल आजकाल सगळीकडे दिसतं, कारण घरांच्या गच्चीवर तेच बसतं. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे या मापाचा माल बाजारात भरपूर आणि वॉटमागे स्वस्त. गच्चीचं काम करणाऱ्या ठेकेदाराला बोटही एक छोटी गच्चीच वाटते. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद, वजन २७-२८ किलो. हे धूड केबिनच्या टपावर चढवलं की लहान बोटीचं वरचं वजन वाढतं आणि ती आडव्या लाटेला जास्त कलंडते. नाखवांना हे मी काय सांगणार! बर्फाचे खोके वर ठेवले तर तुम्हीच ओरडता. त्यात वारा. ताशी ९० किलोमीटरचा झोत या अडीच चौरस मीटरच्या फळीवर आला तर तिला उपटायला साधारण शंभर किलोचा जोर लागू शकतो. १७ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा धक्क्यावरचे पत्रे कुठे कुठे सापडले ते सगळ्यांना आठवत असेल.

वजन एक वेळ सोडा. मोठा घोळ पुढेच आहे. आपल्या बोटींची बॅटरी १२ व्होल्टची, आणि हे पॅनल काम करतं ४० व्होल्टच्या आसपास. मध्ये कंट्रोलर कुठला आहे त्यावर सगळं ठरतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर खेचून आणतो. खाडीपलीकडच्या एका मित्राच्या बोटीवर हाच संच बसवलेला होता आणि बॅटरी भरत नाही म्हणून त्याची रड होती. मी भर दुपारी क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. आकडे वहीत लिहिलेत : १३.२ व्होल्ट, १२.९ अँपिअर. गुणाकार करा, १७० वॉट. पैसे ५४० चे दिले, मिळाले १७०. आडात भरपूर होतं, पोहराच फुटका. एमपीपीटी नावाचा कंट्रोलर असता तर त्याने जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर केलं असतं. तो महाग असतो, म्हणून कोटेशनमध्ये नुसतं 'चार्ज कंट्रोलर' असं लिहितात आणि कुठला ते लिहीत नाहीत. ठेकेदाराने लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याला विचारलंच नाही कोणी.

खरं तर बहुतेक बोटींना ५४० वॉट लागतच नाहीत. आमच्या बोटीचा हिशोब सांगतो, बाकीच्यांनी आपापला जोडावा. चार एलईडीचे दिवे, म्हणजे डोलकाठीवरचा, लाल, हिरवा आणि पाठचा, मिळून १२ वॉट. रात्रभर १० तास धरले तर १२० वॉट-अवर. केबिनमधले दोन दिवे ५०. जीपीएस आणि मासे दाखवणारा पडदा १००. व्हीएचएफ वायरलेस सेट बोलताना खूप खातो, पण दिवसाचा बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो, ७० धरा. खलाशांचे चार मोबाईल ६०. पाणी उपसायचा पंप अर्धा तास, २०. बेरीज ४२०. आपल्याकडे पावसाळा सोडून दिवसाला साधारण साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरायला हरकत नाही. उष्णता, धूळ, वायर यांत तीस टक्के जातात. ४२० ला त्याने भागलं की १३३ वॉट येतात. मी १६० चं पॅनल लावलंय आणि पुरून उरतं. बॅटरीला दोन ढगाळ दिवस काढता आले पाहिजेत. साधी शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून तिथे १५० अँपिअर-अवर बरोबर आहे. लिथियम फॉस्फेटची घेतली तर १०० पुरते, आणि ती एका हाताने उचलता येते. शिशाची शंभरची बॅटरी तीस किलोच्या घरात असते. ती चिखलातून खांद्यावर वाहून घरी चार्जिंगला नेणारा खलाशी मी स्वतः होतो, वयाच्या सोळाव्या वर्षी. त्या अॅसिडने पडलेली भोकं असलेली चड्डी आईने पुसायला घेतली होती.

खाडीतल्या लहान होडीला तर दोन दिवे आणि एक मोबाईल यापलीकडे काही नाही. तिला ४०-५० वॉटचं पॅनल बस्स. तिच्या मालकाच्या माथी ५४० चं मारणं म्हणजे चिखलातल्या छोट्या निवट्या पकडायला डोलीचं भलंमोठं जाळं लावणं.

इंजिनाचं काय, हे सभेत कोणीतरी विचारणारच. मागच्या बैठकीत एका संचालकांनी केरळचं उदाहरण दिलं होतं, तिकडे बोट सूर्यावर चालते म्हणून. खरी गोष्ट आहे. वैकोम ते तवणक्कडव अशी 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची बोट जानेवारी २०१७ पासून चालते. पण ती २० मीटर लांब जोड-सांगाड्याची बोट आहे, तिचं अख्खं छप्पर म्हणजे २० किलोवॉटचं पॅनल, ५० युनिटची बॅटरी आहे, आणि जायचं असतं शांत पाण्यातून जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. आपलं २० हॉर्सपॉवरचं इंजिन अर्ध्या ताकदीवर चार तास चालवायचं म्हटलं तरी ३० युनिट लागतात. तेवढी वीज रोज काढायला ५४० वॉटची अठरा पॅनल हवीत, म्हणजे ४० चौरस मीटरच्या वर जागा. नऊ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बोटीचा नाळेपासून पाठीपर्यंत इंच न् इंच झाकला तरी २२ चौरस मीटर. मग जाळं कुठे ठेवायचं, मासळी कुठे ओतायची आणि तांडेलाने उभं कुठे राहायचं? डिझेल लागणारच. डिझेलवरच्या कराच्या परताव्याच्या फायली घेऊन आपली संस्था हेलपाटे घालते ते थांबणार नाहीत. पॅनलमुळे बंद होतं ते नुसती बॅटरी भरायला धक्क्यावर इंजिन चालू ठेवणं, आणि ऐन वेळी सेल्फ न लागणं.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ती सावली. आमच्या बोटीवर पहिल्यांदा पॅनल बावट्याच्या काठीशेजारी होतं. एप्रिलमध्ये एकदा धक्क्यावर बसून मी मीटर बघत होतो. काटा नऊ अँपिअरवर होता. बोट ओहोटीबरोबर फिरली, बांबूची सावली पॅनलवर आडवी आली आणि काटा साडेपाचवर. बांबू मनगटाएवढा, सावलीने पॅनलचा विसावा हिस्साही झाकला नसेल. पॅनलमधल्या काचेखालच्या चौकटी एकीला एक जोडलेल्या असतात, साखळीसारख्या. एक अडली की तिच्यामागे सगळी ओळ अडते. तेवढ्यात चुलतभावाने ओलं जाळं उचललं आणि सवयीने टपावर फेकलं. त्याचं एक टोक पॅनलवर आलं. काटा शून्याला टेकला. काकी धक्क्यावर कोळंबी निवडत होती, ती म्हणाली, "यो तुजा सूर्य लई नाजूक हाय रं." आता बावटा आम्ही पॅनलपासून लांब नेलाय आणि टपावर जाळं टाकणाऱ्याला चहा पाजायचा दंड आहे.

घर एका जागी उभं असतं, म्हणून दक्षिणेला तोंड करून, थोडं तिरपं पॅनल लावायचं असा नियम आहे. बोट नांगरावर भरतीला एकीकडे तोंड करते, सुकतीला दुसरीकडे. तिरपं लावून उपयोग शून्य, सपाटच बरं. पण खाली चार बोटांची फट ठेवा, हवा खेळली पाहिजे. मे महिन्यात पॅनल साठ अंशांवर तापतं आणि तापलं की वीज कमी देतं. टपाला गोंदाने चिकटवायची लवचीक पॅनल मिळतात, वजनाला हलकी, दिसायला देखणी. मी एक लावून पाहिलं, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला पापडासारखे फोड आले.

आणि पक्षी. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आपल्याला त्याचा अभिमान आहेच. फ्लेमिंगो बोटीवर येऊन बसत नाहीत हे त्यांचे उपकार. बगळे आणि कुरव बसतात, आणि सपाट, उबदार काच त्यांना फार आवडते. शिटेचा रुपयाएवढा डाग म्हणजे पुन्हा तीच सावली. त्यावर मिठाचा थर चढतो तो वेगळा. रोज धक्क्याला लागलं की गोड्या पाण्याची अर्धी बादली आणि फडकं, एवढं केलं तरी पुरतं. खाऱ्या पाण्याने धुऊ नये, पण धुतात. बादली हातात तीच असते.

मीठ काच खात नाही, मीठ सांधे खातं. पॅनलची चौकट अॅल्युमिनिअमची. तिला साधा लोखंडी बोल्ट लावला की खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये भांडण लागतं आणि एक झिजतो. स्टीलचे बोल्ट ३१६ नंबरचे घ्यावेत आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. वायर कल्हईची, म्हणजे प्रत्येक तारेवर कथील चढवलेली. साध्या तांब्याचं टोक एका हंगामात आतून काळं पडतं, वरून काहीच कळत नाही. मागवताना पॅनलला खाऱ्या धुक्याची चाचणी, आयईसी ६१७०१, झाली आहे का ते लेखी घ्या. वॉरंटीचा कागद मंडळातल्या एकाने तरी शेवटपर्यंत वाचावा. पंचवीस वर्षं असं मोठ्या अक्षरात असतं, आणि वाहनावर किंवा बोटीवर बसवलेलं पॅनल वगळलेलं असेल तर ते बारीक अक्षरात असतं.

बंदीच्या काळाबद्दल. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात तेव्हा बॅटऱ्या नुसत्या पडून मरतात, आणि नारळी पौर्णिमेला नवी बॅटरी हा आपला ठरलेला खर्च होऊन बसलाय. पॅनलचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसला. ढगाळ दिवसांतही बॅटरी भरलेली राहिली. बोट पाण्यात असेल तर तरंगत्या स्विचचा पंप पावसाचं पाणी आपोआप उपसतो. मुसळधार रात्री डबा घेऊन बोटीवर पळायला लागत नाही. पण आपण बोट शाकारतो. ताडपत्रीखाली पॅनल गेलं की ते नुसतं लाकूड. म्हणून आमचं पॅनल चार नटांवर सुटतं आणि शाकारल्यावर ताडपत्रीच्या वर बांधलं जातं. कोटेशनमधली फिटिंग कायमची रिव्हेटची आहे. ती करणारा माणूस जूनमध्ये कधी धक्क्यावर आला नसावा.

बॅटरी कुठे ठेवायची, हेही कागदावर नाही. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, ती बंद खणात कोंडू नये. बोटीत पाणी शिरून तिच्या अॅसिडला खारं पाणी मिळालं तर क्लोरीन सुटतो, म्हणून तळाशीही नको. बांधलेली हवी, वायू जायला वाट हवी. प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ घालून न्याव्यात आणि होकायंत्रापासून लांब, नाहीतर सुई भलतीकडे बघते. जुन्या बॅटऱ्या खाडीत किंवा भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ नयेत. २०२२ च्या नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, ती करारात लिहून घ्या.

आणखी एक, थोडं कडू. धक्क्यावर दोघा-तिघांच्या तोंडून ऐकलं की एवढी वीज येणार तर पाण्यात फोकस सोडता येतील. एलईडीच्या उजेडावर मासेमारी २०१७ पासून बंद आहे, आणि ती बंद व्हावी म्हणून याच संस्थेने अर्ज केले होते. संस्थेच्या पॅनलवर असा दिवा लागला तर आपण तोंड कुठे लपवणार?

मंडळाला घाई का आहे ते मी समजू शकतो. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला, सगळ्यांना अनुदानाची आस लागली, आणि आधी यादी देईल त्याचा नंबर आधी अशी हवा आहे. यादी जरूर द्या. पण यादीत बोटीचं नाव, लांबी, टपाची मोकळी जागा आणि रोजचे वॉट-अवर असे चार रकाने असू द्या. चार रकाने भरायला एका बोटीमागे अर्धा तास लागतो. मी आणि आयटीआयला असलेली गावातली दोन पोरं, आम्ही तिघं ते फुकट करून देतो. पोरांना पुढे दुरुस्तीचं कामही मिळेल. ठेकेदार वॉरंटीच्या फोनवर 'उद्या येतो' म्हणतो, आणि उद्याची भरती त्याच्यासाठी थांबत नाही. लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन-तीन बोटींना आधी बसवा, एक हंगाम जाऊ द्या, मग बाकीच्यांचं ठरवा. सातव्या विषयावर माझी दुरुस्ती एवढीच आहे. ती लेखी स्वरूपात कार्यालयात दिली आहे, पोचपावती घेतली आहे.

सभेच्या आदल्या रविवारी सकाळी सुकतीला आमची बोट धक्क्याच्या डाव्या अंगाला चिखलात बसलेली असेल. मीटर, फ्यूज आणि ती जळलेली वायर तिथे ठेवतो. संचालकांनी गमबूट घालून यावं, चिखल गुडघाभर आहे.

आपला,
एक सभासद आणि वायरमन
बेलापूर खाडी, नवी मुंबई